फ्रेंच विद्यार्थ्यांची स्टॅटिस्टिक्सची धास्ती मोजताना: माझं मेम्वारचं वर्ष

२०२४-२५ हे माझं फ्रान्समधलं मास्टर्सचं पहिलं वर्ष, विषय सायकॉलॉजी, शहर लिऑन. या वर्षात प्रत्येकाला मेम्वार करावा लागतो, म्हणजे आपल्याकडचं डिसर्टेशन, आणि मी ज्यावर काम केलं तो प्रश्न असा होता की फ्रेंच बोलणाऱ्या युनिव्हर्सिटीतल्या मुलामुलींना स्टॅटिस्टिक्सच्या कोर्सची जी धास्ती वाटते ती नीट मोजता येते का. जूनमध्ये सगळं पार पडलं. मधल्या काळात मी मराठीत असं काही शोधत होते की परदेशात, आपल्या नसलेल्या भाषेत, प्रश्नावली घेऊन संशोधन करायचं तर कुठून सुरुवात करायची, कुठले कागद लागतात, किती थांबावं लागतं, आणि मला काही मिळालं नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकून इकडे येणारे बरेच जण आहेत, त्यातल्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी पैशाचं सांगते कारण ते सगळे विचारतात. मला युनिव्हर्सिटीने परदेशी विद्यार्थ्यांच्या जास्तीच्या फीमधून सूट दिली होती, त्यामुळे मास्टर्सची सरकारी फी २५० युरो आणि त्याशिवाय सीवेक नावाचं विद्यार्थी शुल्क, ते त्या वर्षी १०३ युरो होतं. ही सूट सगळीकडे मिळत नाही, अर्ज करायच्या आधी त्या त्या युनिव्हर्सिटीचं धोरण वाचाच. संशोधनाला वेगळा खर्च जवळपास आला नाही, सॉफ्टवेअर सगळं फुकट होतं, खर्च झाला तो झेरॉक्स आणि शेवटी बाइंडिंगवर.

सप्टेंबर: विषय का हा

फ्रान्समध्ये 'सायकॉलॉजिस्ट' ही पदवी १९८५च्या कायद्याने संरक्षित आहे. लिसांसची, म्हणजे आपल्याकडच्या बीएसारख्या पदवीची, तीन वर्षं आणि मास्टर्सची दोन, दोन्ही सायकॉलॉजीतच, तेव्हा कुठे स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवता येतं. आणि लिसांसच्या तिन्ही वर्षांत स्टॅटिस्टिक्स येतंच. लोकांचं ऐकून घ्यायचं, मदत करायची म्हणून आलेली मुलं पहिल्याच सेमिस्टरला स्टँडर्ड डेव्हिएशनसमोर बसतात.

त्यात शाळेतल्या बदलांची भर. २०१९च्या लिसेच्या, म्हणजे तिकडच्या वरच्या शाळेच्या, सुधारणेत गणित अकरावीच्या, म्हणजे तिकडच्या 'प्रेमिएर'च्या, सगळ्यांसाठी सक्तीच्या विषयांतून गेलं, ज्यांनी स्पेशालिटी म्हणून घेतलं त्यांनाच ते राहिलं, बाकीच्यांना सायन्सच्या सामायिक तासात थोडंफार आलं तेवढंच. २०२२मध्ये आठवड्याला दीड तास ऐच्छिक म्हणून परत आलं आणि २०२३पासून स्पेशालिटी न घेणाऱ्यांना सक्तीचं झालं. म्हणजे मी ज्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटणार होते त्यांतल्या कितीतरी जणांनी पंधरा-सोळाव्या वर्षानंतर गणिताचा स्वतंत्र तास बघितलाच नव्हता. हे मला आधी माहीत नव्हतं आणि कळल्यावर या मुलांबद्दलचा माझा सगळा दृष्टिकोन बदलला. ही मुलं आळशी वगैरे नाहीत, त्यांच्या हातातून विषय मध्येच काढून घेतला गेला आणि मग युनिव्हर्सिटीत एकदम समोर ठेवला.

माझ्या गाईड मॅडम, त्यांना तिथे दिरेक्त्रिस म्हणतात, स्वतः लिसांसला स्टॅटिस्टिक्स शिकवत आलेल्या. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या की शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाचं मत असतं, मुलं घाबरतात, मुलं घाबरत नाहीत नुसती अभ्यास करत नाहीत, पण मत सोडून आपल्याकडे काही नाही. मी हो म्हटलं. जगात यावर बरंच काम झालंय, ऑनवेग्बूझी आणि विल्सन यांच्या २००३च्या आढाव्यात असं आहे की पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी दोन तृतीयांश ते चार पंचमांश जणांना ही धास्ती त्रास होईल इतकी जाणवते. पण हे आकडे प्रामुख्याने अमेरिकेतले. फ्रेंच अॅम्फीत, म्हणजे मोठ्या लेक्चर हॉलमध्ये, काय चाललंय ते त्यावरून सांगता येत नाही.

ऑक्टोबर: कुठली मोजपट्टी

हा महिना नुसता वाचण्यात गेला आणि तो जावाच, घाई करू नका. स्टॅटिस्टिक्सबद्दलच्या प्रश्नावल्यांची तीन नावं सतत समोर येतात. पहिली स्टार्स, क्रूझ, कॅश आणि बोल्टन या अमेरिकन मंडळींनी १९८५मध्ये केलेली, ५१ वाक्यं, सहा भाग. तिचा सगळ्यात जास्त वापर झालाय. पण त्या सहापैकी काही भाग धास्तीचे आहेत आणि काही चक्क मतांचे, म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा उपयोग काय, शिक्षक कसे वाटतात वगैरे. दुसरी सॅट्स, कँडेस शाऊ यांची, तिची आता ३६ वाक्यांची आवृत्ती चालते, पण ती दृष्टिकोन मोजते, धास्ती नाही. फ्रान्समध्ये तुलूजच्या एका मॅनेजमेंट स्कूलमधल्या मंडळींनी तिच्यावर २०१६मध्ये फ्रेंचमध्ये काम छापलंय, मला ते वाचून फ्रेंच शब्दांचा अंदाज यायला खूप मदत झाली. तिसरी एसएएस, विजिल-कोलेत, लोरेन्झो-सेवा आणि कॉन्डन यांनी स्पेनमध्ये तारागोनाच्या युनिव्हर्सिटीतून २००८मध्ये प्रसिद्ध केलेली. २४ वाक्यं, आठ-आठचे तीन भाग: परीक्षेची धास्ती, मदत मागायची धास्ती आणि आकड्यांचा अर्थ लावायची धास्ती. प्रत्येक वाक्याला एक ते पाच असं उत्तर द्यायचं, पाच म्हणजे सगळ्यात जास्त धास्ती.

आम्ही एसएएस घेतली. ५१ वाक्यं दोन तासांच्या लेक्चरच्या मध्ये कुणी मनापासून भरत नाही हे एक कारण, आणि खरं कारण म्हणजे ती फक्त धास्तीच मोजते. शिवाय इटलीतल्या विद्यार्थ्यांवर ती २०११मध्ये तपासली गेली होती, त्यामुळे तुलना करायला शेजारी दोन देश होते.

मूळ लेखकांची परवानगी आधी घ्या. स्केल लेखात पूर्ण छापलेली असली तरी विचारा, आणि ती मेल जपून ठेवा, पुढे एथिक्सच्या फाइलला जोडावी लागते. त्याच वेळी आम्हाला स्पीलबर्गरची स्टाय प्रश्नावलीही लागणार होती, म्हणजे माणूस मुळातच किती चिंता करणारा आहे ते बघायला. ही फुकट नसते, तिचे हक्क प्रकाशकाकडे असतात. आमच्या लॅबकडे होती म्हणून निभावलं. तुमची लॅब काय विकत घेऊन बसलीये ते ऑक्टोबरमध्येच विचारून घ्या, मार्चमध्ये नाही.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर: वाक्यं फ्रेंचमध्ये आणणं

यासाठी फ्रेंच जगात एक ठरलेली वाट आहे, क्युबेकच्या वालेरां यांनी १९८९मध्ये फ्रेंचभाषक संशोधनासाठीच लिहिलेली, सात पायऱ्यांची. एकाने फ्रेंच करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्लिश करायचं, मग समितीत बसून दोन्ही शेजारी ठेवून भांडायचं, मग थोड्या लोकांवर चाचणी, मग मोठी चाचणी, अशी. परत इंग्लिश करणारी आमची मैत्रीण आयर्लंडची होती आणि तिला सायकॉलॉजीचं काही माहीत नव्हतं, हे मुद्दाम, कारण माहीत असलेला माणूस वाक्यातली खोट मनातल्या मनात दुरुस्त करून टाकतो.

समितीच्या बैठका मला पूर्ण वर्षात सगळ्यात जास्त आवडल्या. भाषेपेक्षा जास्त वेळ गेला तो जगण्यातल्या फरकावर. मूळात एक वाक्य आहे गाडीच्या जाहिरातीतले मायलेजचे आकडे वाचण्याबद्दल, ते थेट स्टार्समधून आलेलं आहे. फ्रान्समध्ये गाडी एका लिटरमध्ये किती जाते असं कुणी म्हणत नाही, शंभर किलोमीटरला किती लिटर पिते असं म्हणतात, आणि जाहिरातीत शेजारी कार्बन डायऑक्साइडचे ग्रॅम असतात. ते बदललं. एक वाक्य आहे फळ्यावरची सिद्धता शिक्षक समजावत असताना उतरवून घेण्याबद्दल, आणि आता तर स्लाइड्स आधीच मूडलवर, म्हणजे कोर्सच्या वेबसाइटवर, असतात. एक आहे शिक्षकांना प्रोबॅबिलिटीचं टेबल कसं वापरायचं ते विचारण्याबद्दल, काही ग्रुपना अजून कागदी टेबलं शिकवतात, काहींनी ती पाहिलेलीच नाहीत.

इथे मॅडमचं आणि माझं एकमत नव्हतं. मला वाटत होतं की सगळं आजचं करावं. त्यांचं म्हणणं असं की जितकं जास्त बदलाल तितकी ती वेगळी मोजपट्टी होत जाईल आणि मग स्पेन-इटलीशी तुलना करायचा हक्क आपण घालवून बसू. शेवटी ठरलं ते असं की ज्या वाक्यात मुलाला वाक्यच कळणार नाही तिथे बदल, आणि जिथे वाक्य कळतंय पण जुनाट वाटतंय तिथे हात लावायचा नाही. आज मला त्यांचंच पटतं. प्रत्येक बदल तारीख, कारण आणि कोण काय म्हणालं यासकट एका तक्त्यात लिहिला. हा तक्ता ठेवाच ठेवा. जूनमध्ये परीक्षकाने जे विचारलं त्यातलं निम्मं त्या तक्त्यातून सांगता आलं.

'शिक्षक' म्हणजे कोण हा प्रश्नही होता. अॅम्फीत दोन-तीनशे मुलांसमोर बोलणारे प्रोफेसर वेगळे आणि तेदेच्या, म्हणजे छोट्या सरावाच्या वर्गातले वेगळे, जे कधी कधी स्वतः पीएचडी करणारे असतात. मदत मागायची म्हटली तर मुलं तेदेवाल्यांकडेच जातात, तर सूचनेत आम्ही दोघांचा उल्लेख केला.

नोव्हेंबर ते ख्रिसमस: कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच लोक अडकतात, म्हणून सविस्तर.

मेडिकल संशोधनासाठी फ्रान्समध्ये लोआ जार्दे नावाचा २०१२चा कायदा आहे आणि त्याची वेगळी समिती असते. आमच्यासारखी साधी प्रश्नावली त्यात येत नाही, पण युनिव्हर्सिटीच्या संशोधन एथिक्स समितीचं मत घेणं अपेक्षित असतं, जर्नलवालेही मागतात. फाइल गाईडच्या नावाने जाते, विद्यार्थ्याच्या नाही, त्यामुळे मॅडमच्या कॅलेंडरमध्ये सहीसाठी वेळ आधीच अडवून ठेवावा लागला. समिती ठरलेल्या तारखांनाच बसते, एक तारीख हुकली की पुढची वाट. आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिली.

दुसरं दार डेटा संरक्षण अधिकाऱ्याचं. युरोपचा आरजीपीडी (इंग्लिशमध्ये जीडीपीआर) कायदा मे २०१८पासून लागू आहे आणि त्याखाली आपण कुठला डेटा, कशासाठी, किती काळ, कुठल्या सर्व्हरवर ठेवणार हे नोंदवावं लागतं. मला वाटायचं नाव घेतलं नाही की झालं निनावी. तसं नसतं. उत्तरं किती स्थिर राहतात ते बघायला आम्हाला तीच मुलं चार आठवड्यांनी परत हवी होती, त्यासाठी प्रत्येकाने स्वतःचा कोड बनवायचा होता, आणि कोड असला की तो डेटा कायद्याच्या नजरेत 'टोपणनावाचा' ठरतो, निनावी नाही, म्हणजे सगळे नियम लागू. कोड कसा करायचा हेही शिकण्यासारखं: लोकांना कायम आठवेल पण दुसऱ्याला ओळखता येणार नाही असं काहीतरी, जसं आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, स्वतःच्या जन्माचा फक्त दिवस, आणि जन्मगावाची शेवटची अक्षरं. 'तुम्हाला आवडेल तो कोड लिहा' असं कधीही म्हणू नका, महिन्याने कुणालाही आठवत नाही.

डिसेंबरमध्ये समितीचं उत्तर आलं, बदल सुचवून. एक, नेमकं वय न विचारता गट द्यायचे, कारण तिशीपुढची मुलं अॅम्फीत मोजकीच असतात आणि ओळखू येतात. दोन, प्रत्येक प्रश्नाला 'उत्तर द्यायचं नाही' हा पर्याय हवा, सक्ती नको. तीन, ज्याला हे भरताना अस्वस्थ वाटेल त्याने कुठे जायचं ते शेवटच्या पानावर. तिथे आम्ही विद्यार्थी आरोग्य केंद्राचा पत्ता, सरकारची सांते प्सी एत्युदियां ही मोफत सायकॉलॉजिस्ट सेशन्सची योजना, आणि ३११४ हा राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध नंबर दिला. हा नंबर स्टॅटिस्टिक्सच्या प्रश्नावलीखाली टाकताना मला जरा जास्तच वाटलं होतं. नंतर खुल्या प्रश्नाची उत्तरं वाचली आणि वाटलं बरं झालं टाकला.

चौथी अट मॅडमबद्दल होती: ज्या वर्गाला त्या मार्क देतात त्या वर्गात त्यांनी बोलवायचं नाही, मीच जायचं आणि त्यांनी खोलीबाहेर थांबायचं. अगदी योग्य अट आहे. ज्यांच्या हातात तुमचे मार्क त्यांच्यासमोर 'मला तुम्हाला प्रश्न विचारायची भीती वाटते' याला कोण पाचपैकी पाच देईल?

ख्रिसमसच्या सुट्टीच्या तोंडावर अंतिम होकार आला. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं तर सातारची मावशी, ती शाळेत गणित शिकवते, फोनवर होती, म्हणाली, "अगं पण भीती मोजून करणार काय तुम्ही?" मी म्हटलं मावशी, कुणाला कशाची भीती आहे ते वेगवेगळं कळेल, आता सगळं एकाच पोत्यात आहे. त्यावर ती बराच वेळ तिच्या नववीच्या वर्गाबद्दल बोलत राहिली, कोण मुली शंका विचारत नाहीत आणि मधल्या सुट्टीत येऊन हळूच विचारतात. मला तेव्हाच वाटलं होतं की मदत मागण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा निघणार.

जानेवारी: थोड्या मुलांशी बोलणं

पार्तिएल, म्हणजे सेमिस्टरच्या परीक्षा, संपल्यावर काही मुलामुलींना एकेकटं बसवून प्रश्नावली मोठ्याने विचार करत भरायला सांगितली. हे टाळू नका. मी फ्रेंचमध्ये इतका वेळ एकटीने कुणाशी बोलले नव्हते आणि पहिल्या वेळी हात गार पडले होते, पण समोरची मुलगी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती कारण तिला वाटत होतं की ही तिचीच परीक्षा आहे. मग मी सुरुवातच अशी करायला लागले की इथे तपासतोय ते वाक्यांना, तुला नाही.

कळलं काय तर लॉटरीत जिंकण्याची शक्यता समजून घेण्याचं जे वाक्य आहे त्यावर मुलं धास्तीचा विचारच करत नव्हती, म्हणत होती मी लॉटरी खेळत नाही. खाजगी शिकवणीच्या शिक्षकाला विचारण्याची वाक्यं बऱ्याच जणांना लागू नव्हती, शिकवणी परवडत नाही. आणि परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत काहीच वाचून झालं नाही, या वाक्याला सगळे न थांबता पाच देत होते. ज्या प्रश्नाला सगळेच पाच देतात तो प्रश्न माणसामाणसातला फरक दाखवत नाही, तेवढी जागा वाया. तरी ठरल्याप्रमाणे वाक्यं ठेवली, पण विश्लेषणात कुठे बघायचं ते आधीच कळून चुकलं.

फेब्रुवारी-मार्च: अॅम्फी

तारीख ठरवताना आम्ही खूप डोकं लावलं. जानेवारीच्या परीक्षांचे निकाल लागायच्या आधी घेतलं तर एक चित्र, लागल्यावर घेतलं तर वेगळं, ज्याला वीसपैकी सहा पडलेत त्याची धास्ती त्या दिवसापुरती वर जाणारच. फ्रान्समध्ये दहाला पास, आणि एका विषयातले कमी मार्क दुसऱ्यातून बऱ्याचदा भरून निघतात, नाहीतर दुसरी सत्र परीक्षा. पहिली फेरी निकालाआधी घेतली, दुसरी चार आठवड्यांनी, तोवर निकाल लागले होते. मला काळजी होती की मग दोन फेऱ्यांची तुलना कशी करायची. मॅडमनी समजावलं की स्थिरता बघताना आपण सरासरी वर गेली की खाली हे बघत नाही, जो आधी वरच्या टोकाला होता तो अजून वरच्या टोकाला आहे का हे बघतो. सरासरी हलली तर ती वेगळी माहिती, तीही लिहायची.

लेक्चरच्या शेवटी कधीही जाऊ नका, मुलं बॅग भरत असतात. दोन तासांच्या लेक्चरमध्ये मधली सुट्टी असते, तिच्या आधीची दहा मिनिटं प्रोफेसरांकडून मागून घ्या, आणि ती मेल डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीला कॉपी करा, खोली बदलली तर तिलाच आधी कळतं. प्रश्नावली लाइमसर्व्हे या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर होती, युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, मोठा क्यूआर कोड स्क्रीनवर. पण तळघरातल्या अॅम्फीत नेटवर्क जातं, म्हणून कागदी प्रतीही नेल्या होत्या आणि त्या कामी आल्या. कागदावरून मशीनमध्ये भरताना दोघांनी वेगवेगळं भरून जुळवून बघायचं.

काही ठिकाणी संशोधनात भाग घेतल्याबद्दल मुलांना बोनस मार्क देतात. आम्ही दिले नाहीत, कारण मार्क द्यायचे तर नाव हवं. दुसऱ्या फेरीत त्यामुळे बरीच गळती झाली, ती गृहीतच धरून पहिल्या फेरीला जास्तीत जास्त वर्ग घ्या.

शेवटी एक खुला प्रश्न होता, काही सांगायचंय का. बहुतेकांनी मोकळं सोडलं. पण ज्यांनी लिहिलं त्यांनी मनापासून लिहिलं. एकीने लिहिलं होतं की तेदेमध्ये सगळ्यांना समजलंय असं दिसतं म्हणून मी गप्प बसते. ते वाचून मी लॅपटॉप मिटवून खाली नदीकाठी फिरून आले. कारण मला समोर दिसत होतं की तिच्याच ग्रुपमधल्या किती जणांनी मदत मागण्याच्या वाक्यांना चार आणि पाच दिलेत. सगळेच एकमेकांकडे बघून गप्प होते.

एप्रिल: विश्लेषण

इथे खरी गंमत ही की स्टॅटिस्टिक्सची धास्ती मोजायची तर स्वतःला भरपूर स्टॅटिस्टिक्स करावं लागतं. पुण्यात बीएला मी एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर टी-टेस्टपर्यंत आले होते. इथे आर नावाची स्टॅटिस्टिक्सची कोड-भाषा शिकावी लागली आणि त्यात लावान नावाचं पॅकेज, बेल्जियममधल्या गेंट युनिव्हर्सिटीच्या इव्ह रोसेल यांचं, फुकट आणि त्याची शिकवणीची पानं फार चांगली आहेत. ज्यांना कोडची भीती वाटते त्यांनी जामोवी किंवा जास्पने सुरू करा, तेही फुकट. एसएएस जिथे जन्मली त्या तारागोनाच्या युनिव्हर्सिटीतूनच फॅक्टर नावाचा फुकट प्रोग्रामही येतो.

प्रश्न साधा आहे: २४ वाक्यं खरंच तीन गठ्ठ्यांत पडतात का, जसं मूळ लेखक म्हणतात. उत्तरं एक ते पाच अशी असल्यामुळे ती मोजमापाचे खरे आकडे नाहीत, पायऱ्या आहेत, म्हणून अशा पायऱ्यांसाठीच्या पद्धती वापरल्या, पॉलिकोरिक कोरिलेशन आणि डब्ल्यूएलएसएमव्ही. जुळणी चांगली की वाईट ते बघायला हू आणि बेंटलर यांचे १९९९चे निकष सगळे वापरतात, सीएफआय आणि आरएमएसईए या जुळणीच्या दोन आकड्यांचे: सीएफआय ०.९५च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६च्या आसपास किंवा खाली. पण हे निकष वेगळ्या पद्धतीच्या डेटावर बसवलेले आहेत, पायऱ्यांच्या डेटावर डोळे झाकून लावू नका, मॅडमनी हे मला लिहायलाच लावलं. विश्वासार्हतेसाठी, म्हणजे एका गठ्ठ्यातली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते दाखवायला, नुसता अल्फा हा आकडा न देता ओमेगाही दिला.

तीन गठ्ठे आले. लॉटरी आणि गाडीची जाहिरात ही दोन वाक्यं आपल्या गठ्ठ्यात सैलच बसली, मुलाखतींवरून ते अपेक्षितच होतं. परीक्षेचा गठ्ठा आणि मदतीचा गठ्ठा एकमेकांशी नातं सांगणारे पण वेगळे, आणि मुळात चिंताळू स्वभाव बाजूला काढला तरी मदत मागायची धास्ती उरतेच. मुलं आणि मुली ही तुलना आम्ही केली नाही. सायकॉलॉजीच्या अॅम्फीत बहुतेक मुलीच, मुलग्यांची संख्या इतकी कमी की मोजपट्टी दोघांना सारखीच मोजते हेच आधी सिद्ध करता येत नव्हतं, आणि ते न करता सरासऱ्यांची तुलना करणं चूक आहे, कितीही मोह झाला तरी.

मे-जून: लिहिणं आणि सादर करणं

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही. फ्रेंच तपासून घ्यायला आधीच एक मैत्रीण ठरवा आणि तिला एका वेळी एकच प्रकरण द्या. प्रत्येक तक्त्याखाली पूर्ण वाक्यात अर्थ लिहा, कारण परीक्षक पहिल्यांदा तक्तेच वाचतात.

सूतनांस, म्हणजे तोंडी सादरीकरण, जूनमध्ये झाली. आधी मी बोलले, मग दोन परीक्षकांचे प्रश्न. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे तोच, जुनी वाक्यं का ठेवली. तक्ता काढला. दुसरा, एकाच युनिव्हर्सिटीच्या मुलांवरून सगळ्या फ्रेंचभाषकांबद्दल काय बोलता येतं. मी म्हटलं, फार थोडं, बेल्जियम, स्वित्झर्लंड, क्युबेक इथली शाळा वेगळी, गणिताची वाट वेगळी, तिथे परत तपासावं लागेल, आणि शहरातल्या एका अॅम्फीवरून मी गावाकडच्या कॅम्पसबद्दलही काही म्हणणार नाही. मग त्यांनी मला विचारलं की शिक्षकांना एकच गोष्ट सांगायची तर काय सांगाल, आणि मी सांगितलं की 'काही शंका?' असं सगळ्यांसमोर विचारणं बंद करा, प्रश्न चिठ्ठीवर किंवा मूडलवर नाव न टाकता घ्या आणि पुढच्या तासाला सगळ्यांसमोर उत्तर द्या. माझ्या मोजपट्टीवरून हा उपाय चालेलच असं सिद्ध होत नाही हेही लगेच सांगितलं.

जुलैत आम्ही भाग घेतलेल्या वर्गांना एका पानाचा निकाल मूडलवर पाठवला, आकडे कमी आणि साध्या भाषेत. हे एथिक्सच्या फाइलमध्ये कबूल केलेलं असतं आणि बरेच जण मग विसरून जातात. कोडची यादी ठरलेल्या तारखेला पुसून टाकली, तसं डेटा अधिकाऱ्याला मेलने कळवलं. आता तेदे शिकवणाऱ्यांपैकी दोघांनी सप्टेंबरपासून चिठ्ठ्यांचा प्रयोग करायचं ठरवलंय, आणि दुसऱ्या वर्षाच्या मेम्वारमध्ये मला त्यांच्या ग्रुपमध्ये मदतीची आठ वाक्यं सुरुवातीला आणि शेवटी भरून घ्यायची आहेत. त्यासाठी एथिक्सची सुधारित फाइल लागेल, मॅडमकडून तारीख घेतलीये.